पश्चात्ताप हातापर्यंत पोहोचतो तेव्हा
शास्त्रपाठ : लूक १९:१-१०

पाड्यावर जक्कयाचा पाठ शिकवताना मी आधी क्रमाकडे लक्ष वेधतो. यरीहोच्या या मुख्य जकातदाराने एक पैसाही परत केलेला नव्हता, तेव्हाच प्रभूने उंबराखाली थांबून त्याला नावाने हाक मारली. कृपा आधी आली. ती विकत घेतलेली नव्हती.

पण कृपा मिळाली म्हणून जक्कय स्वस्थ बसला नाही. नियमशास्त्राप्रमाणे (गणना ५:७) अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम व वर तिचा पाचवा हिस्सा भरायचा असे. म्हणजे १०० रुपये लुबाडले असतील तर १२० द्यायचे. जक्कयाने चौपट देऊ केले, शिवाय अर्धी मालमत्ता गोरगरिबांना.

ऐकणाऱ्यांत सावकाराकडे जमीन गहाण पडलेली माणसेही असतात. देव सावकारालाही क्षमा करतो, असे सांगितले की ती विचारतात, “मग आमचे शेत?” त्यांचा प्रश्न जक्कयाला कळला होता.

आपणही प्रार्थनेला बसताना स्वतःला विचारू या : कोणाची मजुरी, कोणाची जमीन माझ्याकडे अडकली आहे? क्षमा देवाजवळ मागावी, आणि ज्याचे त्याला त्याच्या दारी नेऊन द्यावे.