झिजणारे गुडघे : उपचार आणि सवयी

गुडघे कुरकुरू लागले की ‘वय झाले’ असे म्हणून अनेकजण चालणेच सोडून देतात. हा समज जितका रूढ, तितकाच घातक आहे. सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आच्छादन असते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रवातून तिचे पोषण होते, आणि तो द्रव तिच्यात खेळता राहण्यासाठी सांध्यावर भार पडणे व सुटणे आवश्यक असते. गुडघा बसवून ठेवला तर कूर्चेची उपासमार होते, शिवाय मांडीचे स्नायू दुबळे होऊन प्रत्येक हादरा थेट सांध्यावर येतो.

झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे औषध अद्याप नाही. म्हणूनच वजनाला महत्त्व. शरीराचे वजन एक किलोने उतरले तर दर पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात आढळले.

व्यायामास साधने लागत नाहीत. खुर्चीवर बसून एक पाय गुडघ्यात सरळ करावा, पाच ते दहा सेकंद तसाच धरावा व सावकाश खाली घ्यावा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. शिक्षकांना हे दोन तासिकांच्या मधल्या वेळेतही जमेल. गुण येण्यास काही आठवडे लागतात. व्यायामाने थोडे दुखले तर हरकत नाही; वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशीही टिकले तर प्रमाण कमी करावे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. अनेकजण नेमके उलट करतात!

वेदनाशामक मलम आधी वापरून पाहावे. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात, कारण जठर, मूत्रपिंड व रक्तदाब यांवर त्यांचा परिणाम होतो. बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून तर दूरच राहावे. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. सांधा एकाएकी लाल व गरम होऊन सुजला, सोबत ताप असला, तर ही साधी झीज नव्हे. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सर्व उपायांनंतरही रात्रीची झोप मोडत असेल तर सांधेरोपणाचा विचार करता येतो. कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर केंद्र शासनाने 2017 मध्ये कमाल मर्यादा घातली.

उकिडवे बसताना गुडघ्यावर मोठा ताण येतो. ग्रामपंचायतीच्या शौचालयात एक उंच बैठकीचे भांडे व भिंतीला धरावयास दांडा, कार्यालयाच्या पायऱ्यांना कठडा आणि रास्त भाव दुकानापुढे एक बाक, एवढी तरतूद पुढील आराखड्यात सहज बसू शकेल.