सारसांची गणना आणि एक बटण

गोंदिया जिल्हा हा तळ्यांचा आणि धानाच्या शेतीचा प्रदेश आहे. येथील पाणथळ जागी व धानाच्या बांध्यांत सारस हा उंच, डौलदार पक्षी वावरतो. महाराष्ट्रात तो प्रामुख्याने याच जिल्ह्यात आढळतो आणि त्याची संख्या फारच थोडी उरली आहे. म्हणून दरवर्षी त्याची गणना होते. गणना करणारे भल्या पहाटे जागेवर जाऊन बसतात व दिसलेला प्रत्येक पक्षी टिपून घेतात.

समजा, या कामासाठी एखाद्या विद्यार्थ्याने मोबाइलवरील छोटे ॲप तयार करावयाचे मनात आणले. त्यात मुख्य वस्तू एकच, 'नोंद करा' हे बटण. पूर्वी संगणकाची भाषा शिकल्यावाचून ते बनविणे कठीण होते. २०२२ च्या नोव्हेंबर महिन्यात चॅटजीपीटी लोकांसमोर आले. अशा कृत्रिम बुद्धिमत्तेला आता साध्या मराठीतही काम सांगता येते. मागणी करताच ती बटणाच्या ओळी लिहून देते. एचटीएमएल हा त्या बटणाचा सांगाडा, सीएसएस हा त्याचा पोशाख आणि जावास्क्रिप्ट ही त्याची वागणूक होय.

परंतु देखणे बटण म्हणजे चांगले बटण नव्हे. लक्ष्य जितके लहान व दूर, तितका तेथे पोहोचण्यास वेळ अधिक लागतो, असे पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवून दिले. म्हणून बोटाने दाबावयाच्या बटणाची बाजू सुमारे ९ मिलिमीटर असावी, असे जाणकार सांगतात. शिवाय आपल्या लिपीत वेलांटी व मात्रा अक्षराच्या वर जातात आणि उकार खाली उतरतो. इंग्रजी अक्षरांच्या मापाने बटणाची उंची ठरविली, तर ही चिन्हे कापली जाण्याचा संभव असतो. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांचे रंग जवळचे असले, तर उन्हात काहीच वाचता येत नाही.

याहून मोठी अडचण पुढेच आहे. तळ्याकाठी नेटवर्क मंद असते. बटण दाबूनही काही घडले नाही, असे वाटून माणूस ते पुन्हा दाबतो. मग दोन सारसांचे चार होतात! जो पक्षी नाहीसा होत चालला आहे, तो कागदावर मात्र वाढू लागतो आणि त्याच्या रक्षणाची निकड कोणाला भासत नाही. यंत्राने याची काळजी घेतली नाही, कारण तळ्याकाठची परिस्थिती त्याला कोणी सांगितलीच नव्हती.

उपाय सोपा आहे. एकदा दाबल्यावर, नोंद पूर्ण होईपर्यंत बटण बंद राहावे आणि नंतर 'नोंद झाली' अशी अक्षरे दिसावीत. हेही यंत्र लिहून देईल. मात्र प्रत्येक ओळीचा अर्थ त्याच्याकडून समजून घ्यावा आणि बटण दुसऱ्याच्या हाती देऊन पारखावे. ओळी यंत्राच्या असल्या, तरी नोंदीच्या खरेपणाची जबाबदारी माणसाचीच असते.

स्वाध्याय
१. देवनागरी अक्षरांसाठी बटणाची उंची वेगळी का ठेवावी लागते?
२. एकच नोंद दोनदा झाल्यास सारसांचे कोणते नुकसान होईल?
३. 'ओळी यंत्राच्या, जबाबदारी माणसाची' हे विधान स्पष्ट करा.