बॉयलर हाऊसमधलं करिअर

दसऱ्याच्या आसपास साखर कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपनाचे फोटो वर्तमानपत्रांत येऊ लागतात. फोटोत अध्यक्ष असतात, संचालक असतात, पूजेला बसलेलं जोडपं असतं. उन्हाळाभर नळ्या साफ करून, पंपांची बेअरिंग बदलून, हायड्रॉलिक टेस्ट देऊन ज्यांनी तो बॉयलर पेटवण्याजोगा केला, ते सहसा मागच्या रांगेतही दिसत नाहीत. दहावी-बारावीनंतर करिअर शोधणाऱ्या घरांनाही ते दिसत नाहीत.

“मुलाला काय भट्टीत कोळसा लोटायला पाठवू?” असं आईवडील विचारतात. उष्णता आहे, आवाज आहे, रात्रपाळी आहे, हे खरंच. पण बगॅस (उसाचं चिपाड) किंवा कोळसा आता बऱ्याच ठिकाणी यंत्रच भट्टीत टाकतं. माणूस लागतो तो लक्ष ठेवायला, आणि सगळ्यात जास्त लक्ष पाण्यावर ठेवावं लागतं.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते बॉयलरच्या नळ्यांवर साचतात, घरच्या गिझरमध्ये साचतात तसेच. हा थर पोलादापेक्षा कितीतरी कमी उष्णता वाहून नेतो. त्यामुळे इंधन जास्त जळतं, नळीचा धातू तापत जातो आणि एक दिवस नळी फुगून फुटते. म्हणून पाणी आधी सॉफ्टनरमधून जातं. सॉफ्टनरमधलं रेझिन थकलं की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजं करावं लागतं. ते थकलंय का, हे बॉयलर अटेंडंट नमुन्यात बफर आणि इंडिकेटरचे थेंब टाकून बघतो: निळं आलं तर पाणी चालेल, लालसर आलं तर थांबा. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वेगळाच उपद्रव करतो, नळीला आतून खड्डे पाडतो. तो काढायला डीएरेटर आणि औषधं. उरलेले क्षार वाढू नयेत म्हणून ठरावीक वेळी ब्लोडाऊन, म्हणजे बॉयलरमधलं थोडं पाणी बाहेर सोडणं. यातलं काहीही ‘आज राहू दे, उद्या करू’ म्हणून टाळलं, तरी त्या दिवशी काहीच बिघडत नाही. शिकाऊ मुलाला फसवणारी गोष्ट हीच.

वाफेचं पाइपात झालेलं पाणी बाहेर काढणाऱ्या स्टीम ट्रॅपचंही तसंच. तो उघडा अडकला तर वाफ गुपचूप वाया जाते. उत्पादन चालूच असतं, म्हणून कुणी ओरडत नाही. बंद अडकला तर पाइपात पाणी साचतं आणि वॉटर हॅमरचे दणके बसतात. पंपाचा बदललेला आवाज, कपलिंगचं अलाइनमेंट, ग्रीसिंगची तारीख हे सगळं लॉगबुकात लिहिणारा मुलगा माझ्या मते नुसत्या हुशार मुलापेक्षा लवकर वर जातो. खोटे आकडे भरणाऱ्याला मात्र या धंद्यात जागा नसावी.

कायदाही या नोकरीच्या बाजूने आहे. 1863 मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट होऊन माणसं मेली, त्यानंतर बंगालमध्ये पहिला कायदा झाला. पुढे 1923 चा बॉयलर कायदा आला आणि आता त्याच्या जागी 2025 चा. बॉयलरची ठरावीक मुदतीने तपासणी होते आणि तो प्रमाणपत्रधारक माणसाच्या देखरेखीखालीच चालवावा लागतो. म्हणून द्वितीय श्रेणी, मग प्रथम श्रेणी बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र ही या मुलांची खरी पुंजी. पदविका किंवा पदवीवाल्यांना अनुभवानंतर बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा देता येते. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालय बघतं.

सुरुवात कुठून करावी? दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा फिटर ट्रेड हा माझा पहिला सल्ला, कारण तो कुठेही चालतो. विज्ञानाची आवड असेल तर अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट बघा. आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट आहे. रसायनशास्त्रात बीएस्सी झालेल्या मुलींनी जलशुद्धीकरण आणि बॉयलरची औषधं पुरवणाऱ्या कंपन्यांकडे जरूर बघावं. कारखान्यांचे नमुने तपासून सल्ला देण्याचं ते काम आहे. नोकऱ्या फक्त साखर कारखान्यांत नसतात. इचलकरंजीची कापड प्रोसेस हाऊस, कोल्हापूर-सांगलीचे दूध संघ, तारापूर-कुरकुंभचे केमिकल कारखाने, मोठ्या हॉस्पिटलांच्या लाँड्र्या, सगळीकडे वाफ लागते.

आता कडू भाग. साखर कारखान्यात बरेच जण हंगामी असतात. गळीत संपलं की पुढच्या हंगामापर्यंत पूर्ण पगार नाही. इतरत्र भरती बहुधा ठेकेदारामार्फत होते. पहिला पगार बघून पालकांचा चेहरा पडतो, आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. मात्र प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायला बॉयलरवरच्या कामाचा अनुभव सिद्ध करावा लागतो. तेव्हा कामावर रुजू होतानाच मुलाने विचारावं: माझ्या अनुभवाच्या दाखल्यावर सही कोण करणार, आणि त्यात मी कोणत्या बॉयलरवर काम केलं ते लिहिलेलं असेल का? याचं सरळ उत्तर मिळत नसेल, तर थोडा कमी पगार देणारा दुसरा कारखाना बघावा.