आमची शेगडी बिघडली नव्हती

(इयत्ता चौथी)



आमच्या घरी विजेची शेगडी आहे. तिच्या पत्र्यावर १००० वॅट, २३० व्होल्ट असे लिहिले आहे. सकाळी तिच्यावर एक लिटर दूध अकरा मिनिटांत वर येते. संध्याकाळी तेवढ्याच दुधाला सत्तावीस मिनिटे लागली. मी घड्याळ घेऊन बसलो होतो. बाबा म्हणाले, "ही गेली कामातून. भंगारवाल्याला देऊ आणि २००० वॅटची आणू." आजी म्हणाली, "सकाळी चालते ती संध्याकाळी कशी बिघडते रे?" मला आजीचं पटलं. म्हणून मी गुरुजींना विचारले.

गुरुजींनी फळ्यावर टाकी आणि पाइप काढला. टाकी उंच असली की पाण्याला जोर जास्त. तसा विजेचा जोर म्हणजे दाब, तो व्होल्टमध्ये मोजतात. पाइपातून पाणी किती वाहते, तशी तारेतून वीज किती वाहते ती धारा, म्हणजे अँपिअर. पाइपात बोळा अडकला की पाणी कमी येते. तसा तारेचा अडथळा म्हणजे रोध. तो ओहममध्ये मोजतात. ओहम हे जर्मनीतले शिक्षक होते. त्यांनी १८२७ साली पुस्तक लिहून हा नियम सांगितला.

दाबाला धारेने भागले की रोध मिळतो. दाबाला धारेने गुणले की शक्ती मिळते, म्हणजे वॅट. भागाकार आणि गुणाकार तर आपल्याला येतातच!

वायरमन काकांकडे चिमट्यासारखे मीटर आहे. घरातले बाकी सगळे बंद करून त्यांनी ते एका तारेला लावले. (मी लांब उभा होतो. शेगडीच्या उघड्या कॉईलला आणि तारांना आपण हात लावायचा नाही.) संध्याकाळी दाब १६० व्होल्ट, धारा ३ अँपिअर. दुसऱ्या दिवशी सकाळी दाब २२४, धारा ४.२.

आता गणित बघा. संध्याकाळचे १६० भागिले ३, भाग ५३ आणि बाकी १. सकाळच्या गणितात दशांश होता, म्हणून गुरुजींनी दोन्ही आकडे दहाने गुणायला सांगितले. २२४० भागिले ४२, भाग ५३ आणि बाकी १४. दोन्ही वेळा ५३ ओहमच! मी पाटीवर परत करून बघितले, तरी ५३च. कॉईल बिघडली असती तर रोध बदलला असता. शेगडी सकाळी जशी तशीच संध्याकाळी होती.

मग शक्ती काढली. सकाळी २२४ गुणिले ४.२, म्हणजे ९४० वॅट. संध्याकाळी १६० गुणिले ३, फक्त ४८०. जवळजवळ निम्मी! तरी वेळ दुपटीपेक्षा जास्त का लागला? कारण दूध हळूहळू तापते तोवर पातेल्याची ऊब वाऱ्यावर उडून जाते. आईला वाटत होते की शेगडी मंद चालली तर बिल कमी येईल. पण ४८० वॅट सत्तावीस मिनिटे चालवले तर वीज जास्त लागते, ९४० वॅट अकरा मिनिटे चालवले तर कमी. आईला हे खरंच वाटेना. मग दादाने तिला हिशोब करून दाखवला.

मग व्होल्ट गेले कुठे? डी.पी. शाळेजवळ आहे आणि आमची वस्ती शेवटच्या खांबावर. काकांनी त्याच संध्याकाळी शाळेजवळ मोजले तर २२२ भरले. म्हणजे ६२ व्होल्ट वाटेतच संपले. लाइनच्या तारेलाही रोध असतो. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, पंखे, मोटारी चालू होतात, धारा वाढते, आणि धारा वाढली की तारेत जास्त व्होल्ट खर्च होतात.

बाबांना मी २००० वॅटचे पण गणित दाखवले. पूर्ण दाब असला की ती साडेआठच्या वर अँपिअर घेणार. आमचा प्लग ६ अँपिअरचा आहे. काका म्हणाले, प्लग वितळेल. आणि वस्तीवर सगळ्यांनीच मोठ्या शेगड्या आणल्या तर दाब अजून पडेल.

बाबांनी शेगडी भंगारात दिली नाही. वस्तीवरच्या अकरा घरांनी मिळून तारेबद्दल अर्ज लिहिलाय. त्यात माझे आकडे घातले आहेत. उत्तर येईपर्यंत आजी दूध दुपारी चारलाच तापवते.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. दाब २३० चा निम्मा, म्हणजे ११५ व्होल्ट झाला, तर आमची १००० वॅटची शेगडी किती वॅटची होईल? घाईत ५०० म्हणू नका. आधी धारा काढा. उत्तर मला मधल्या सुट्टीत सांगा.