जुनी दोन दारांची गाडी घेताना

शिराळा
आषाढ

चि. पिंट्यास,


आण्णांचा फोन आला होता. "तू गाड्यांतला माणूस, तूच त्याला चार गोष्टी सांग," म्हणाले. मी नको म्हणावं अशी त्यांची इच्छा, हे कळायला काही लागत नाही. पण मी नको म्हणणार नाही. फ्लॅटचं कर्ज फिटलं, रोज चाकणला जायला कंपनीची बस आहे, धाकटीचं लग्न झालं. आता स्वतःच्या पैशानं तुला जुनी ऑडी टीटी घ्यायची असेल तर घे. माझं म्हणणं एवढंच, की घेणार असशील तर चालवायला घे. झाकून ठेवायला, फोटो टाकायला किंवा पाच वर्षांनी भाव येईल म्हणून घेणार असशील, तर ते पैसे बँकेत ठेव.

निवड चांगली आहे, हे कबूल करतो. मी सगळा जन्म ट्रॅक्टर-ट्रकांच्या डिझेलात हात काळे केले, तरी चांगली रेघ मलाही कळते. या गाडीचा नमुना 1995 साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात आला आणि 1998 पासून ती हंगेरीतल्या ग्योर गावी बनू लागली. पहिल्या पिढीच्या गाड्या जर्मनीच्या हायवेवर फार वेगात असताना मागून हलक्या होऊन घसरल्या, काही माणसं गेली. मग कंपनीनं गाड्या परत बोलावल्या आणि डिकीवर पंख, चाकं सावरणारी ईएसपी यंत्रणा असं सगळं नंतर बसवून दिलं. दुसरी पिढी 2006 ते 2014 ची, पुढून बरीचशी अॅल्युमिनियमची आणि मागून लोखंडाची. तू बघतोयस त्या दोन्ही गाड्या याच पिढीतल्या. 2023 च्या नोव्हेंबरात कारखान्यानं टीटी बनवणंच बंद केलं. म्हणजे आता जेवढ्या आहेत तेवढ्याच, आणि सुटे भाग दरवर्षी थोडे महाग, थोडे दुर्मीळ होत जाणार.

सुट्या भागांची ही गोष्ट हलक्यात घेऊ नकोस. आपल्याकडं दोन दारांच्या गाडीचे प्रयोग झाले नाहीत असं नाही. गोव्यात सॅन मोटर्सनं 'स्टॉर्म' नावाची फायबरच्या बॉडीची छोटी गाडी काढली होती, आत रेनोचं 1.2 लिटरचं इंजिन. पुण्यात डीसीची 'अवंती' झाली, 2012 च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दाखवलेली, तिच्यातही रेनोचंच दोन लिटरचं टर्बो. दोन्ही फार बनल्या नाहीत. आज ज्याच्याकडं त्या आहेत त्याला इंजिनाचे भाग एकवेळ मिळतील, पण काच, दाराचं रबर, मागचा दिवा यांसाठी कारागीरच शोधावा लागतो. टीटीचं तसं नाही. तिची बरीच यंत्रं फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांतही आहेत. तरी अंगावरचे भाग तिचे तिचेच. एक हेडलाइट फुटला की काय खर्च येतो ते गाडी घ्यायच्या आधी विचार, नंतर नको.

आता तुझ्या दोन गाड्या. एक दिल्लीची 2008 ची, स्वस्त. दुसरी पुण्यातली 2012 ची, तिचा मालक पैसा सोडत नाही. तुझं मन दिल्लीकडं झुकलंय, उरलेल्या पैशात चाकं आणि सायलेन्सर बदलायचा बेत आहे, हे आण्णांनी नाही, तुझ्या आईनं सांगितलं.

दिल्लीची गाडी स्वस्त का, हे तुलाही ठाऊक आहे. तिथं 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर गेली काही वर्षं बंदीची टांगती तलवार आहे, म्हणून मालक मिळेल त्या भावात काढतात. ती इकडं आणायची म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी, जुनं कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म 35, इथं नव्यानं टॅक्स, आणि 15 वर्षं उलटलेली म्हणून फिटनेस आणि पुनर्नोंदणी, तीही पाच-पाच वर्षांची. वर ग्रीन टॅक्स. 'क्लासिक आहे, सवलत मिळेल' असं कुणी सांगत असेल तर ऐकू नकोस. केंद्र सरकारनं 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम केले, त्यात 50 वर्षांची अट आहे. तुझी गाडी त्यांच्या लेखी फक्त जुनी गाडी. तिला मान नाही आणि माफीही नाही.

त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दोन्ही गाड्यांची इंजिनं वेगळी आहेत. दोन्हींवर टू पॉइंट झिरो टीएफएसआय असंच लिहिलेलं असलं तरी आतला संसार निराळा. 2008 च्या इंजिनात टायमिंगचा पट्टा आहे, आणि पेट्रोलचा हाय-प्रेशर पंप कॅमशाफ्टवर चालतो. पंप आणि कॅम यांच्यामध्ये अंगठ्याएवढा, वाटीच्या आकाराचा एक पोलादी तुकडा असतो, त्याला फॉलोअर म्हणतात. त्याच्या तळाला काळा थर असतो. तो थर जाऊन पांढरं लोखंड दिसायला लागलं की बदलायचा. भाग किरकोळ किमतीचा आहे, तीन बोल्ट काढले की पंप सुटतो आणि तो हातात येतो. पण कुणी बघितलंच नाही, तर तळाला भोक पडतं, मग पंपाचा दांडा थेट कॅमवर घासतो आणि कॅमशाफ्ट खातो. चिल्लर वाचवून वर्षाचा पगार घालवायचा हा रस्ता. दिल्लीवाल्याला विचार, फॉलोअर शेवटचा कधी बघितला? तो "कसला फॉलोअर?" म्हणाला तर तुला उत्तर मिळालं. 2012 च्या इंजिनात ही भानगड नाही, तिथं पट्ट्याऐवजी साखळी आहे. पण साखळीचा टेन्शनर म्हातारा झाला की तीही घात करते, आणि ऑइल पिण्याची खोड त्या इंजिनाला असू शकते. दर हजार किलोमीटरला किती ऑइल घालावं लागतं हे मालकाला विचार, आणि विचारताना त्याच्या तोंडाकडं बघ.

दोन्हींत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतं. जुन्या धाटणीच्या इंजिनांत ते व्हॉल्व्ह धुवून जायचं, इथं तसं होत नाही, म्हणून इनटेक व्हॉल्व्हवर काजळी धरते. ती काढायचं काम अधूनमधून येणारच. सहा गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर 60 हजार किलोमीटरला. क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी असेल तर मागच्या अॅक्सलजवळच्या हाल्डेक्स क्लचचं तेल वेगळं, आणि ते बहुतेक जण विसरतात. टायरच्या बाजूला डीओटीचे शेवटचे चार आकडे वाच. 2317 असेल तर 2017 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी भरपूर दिसेल, कारण गाडी उभीच होती, पण रबर सुकलेलं असतं. ओल्या खंबाटकी घाटात ते कळून उपयोग नाही.

म्हणून माझं मत पुण्याच्या गाडीला. रंग तुला आवडला नाही म्हणालास. रंगाकडं बघू नकोस, फाईलकडं बघ. जाडजूड, तेलकट डागांची, बिलांवर किलोमीटर लिहिलेली फाईल असेल तर दोन लाख जास्त दे. फाईलच नसेल आणि गाडी आरशासारखी चमकत असेल, तर पॉलिशवाल्याचं कौतुक करून ये. आणि जी किंमत देशील तिचा तिसरा हिस्सा पहिल्याच दिवशी वेगळा काढून ठेव. तो गाडीचा आहे, तुझा नाही. सायलेन्सरचा तर विचारही काढून टाक. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमात मूळ बांधणीत फेरफार चालत नाही, आणि तू रात्री अकराला पेठ नाक्याकडून गडगडत आलास तर आरटीओच्या आधी तुझी काकू उभी राहील.

आण्णांची एक सूचना आहे, ती मात्र मला पटली नाही. गाडी शिराळ्याला आपल्या शेडमध्ये झाकून ठेवायची आणि पिंट्या आला की काढायची, असं त्यांच्या मनात आहे. उभी गाडी लवकर मरते. महिनाभरात बॅटरी बसते, ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो, टायरला एकाच जागी चपटेपणा येतो. आपल्या पावसाळ्यात आतल्या कातड्यावर बुरशी येते. आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि त्या वर्षांतल्या गाड्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नाहीत. (इथेनॉलला नावं ठेवायचा अधिकार उसाचं बिल घेणाऱ्या घराला नाही, हे मान्य. पण गाडीच्या रबरी नळ्यांना आपलं बिल कळत नाही.) टाकीत जुनं पेट्रोल ठेवून महिनोनमहिने उभी करू नकोस, आणि नळ्या दरवर्षी तपास. शिवाय शेडच्या मागं ऊस. उंदीर वायरी कुरतडतात. उंदरांच्या मागं कोण येतं ते शिराळकराला सांगायला नको, आणि नागपंचमी अजून यायची आहे.

तेव्हा गाडी तुझ्याजवळ, तुझ्या पार्किंगमध्ये. आठवड्यातून एकदा तरी इंजिन पुरतं तापेपर्यंत बाहेर काढायची. आपल्याकडं शर्यतीचा खोंड पाळणारा माणूस बघ. 2014 ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या, त्या 2021 च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाल्या. मधली सात वर्षं काहींनी दावणीच्या खोंडाला रोज पेंड घातली, रोज चालवलं, खुरं बघितली. मैदान नव्हतं तरी. शर्यतीत पहिला येणारा वेगळा आणि शौकीन वेगळा, हे मी त्या लोकांकडं बघून मानतो. वर्षातून एकदा दसऱ्याला बाहेर काढायची असेल तर कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक आहे, 1936 ची. ती दसरा चौकात आली की आपणही बघायला जातो. पण तिच्यामागं राजवाडा आहे. तुझ्यामागं सोसायटीचा वॉचमन आहे.

चालवायचं कुठं आणि कसं, तेही ऐक. ही गाडी जमिनीपासून वीतभरसुद्धा उंच नाही. गावात शिरतानाचे स्पीडब्रेकर तिरके घे, एक चाक आधी चढव. पाणी साचलेल्या खड्ड्याची खोली तुला दिसत नाही, म्हणून त्यात चाक घालायचं नाही. गळीत हंगामात रात्रीचा प्रवास नकोच. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि रस्त्यावर पडलेली कांडी. या गाडीची पुढची लिप एका कांडीनं जाते. दिवाळीनंतर थंडीत पहाटे निघ. शिराळा, कोकरूड, मलकापूर आणि तिथून आंबा घाट. साडेसहाला धुकं उतरत असतं, वाहतूक नसते, आणि वळणं अशी आहेत की साठच्या वेगातसुद्धा या गाडीचं स्टेअरिंग काय करतं ते तुझ्या मनगटाला कळेल. मजा वळणात आहे, आकड्यात नाही. डिकीवरचा पंख 120 ला आपोआप उठतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मर्यादा 100 ची, म्हणजे तिथं तो कायद्यानं उठायचाच नाही. समृद्धीवर मर्यादा 120, तिथंही काठावरच. त्याच्यासाठी आत एक बटण आहे. उभ्या गाडीत दाबलं तरी उठतो, तेवढं पुरे. खरंच जोरात पळवायची हौस असेल तर कोल्हापूरला मोहिते अकादमीचा ट्रॅक आहे, तिथं पैसे भरून कार्ट चालव. ब्रेक कधी लावायचा ते आधी तिथं शीक, मग टीटीत वापर. हायवेवर शिकायचं नाही.

गावात आणशील तेव्हा पोरं जमतील. हात लावू नका म्हणून ओरडू नकोस. एकेकाला आत बसव, ते पंखाचं बटण दाबू दे. रंगावर बोटांचे ठसे उठतील, ते पुसता येतात. कुणीतरी "केवढ्याची?" विचारणार. खरी किंमत सांग, लपवलीस तर दुपारपर्यंत दुप्पट होईल. मागच्या सीटवर आण्णांना बसवायचा प्रयत्न मात्र करू नकोस. ती सीट माणसासाठी नाही, ती कंपनीनं कागदावर चार जणांची गाडी लिहिता यावी म्हणून ठेवलीय, असं माझं मत आहे. काही बुश, ब्रॅकेट मिळालंच नाही तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून देणारे आहेत, पण नमुना घेऊन स्वतः जा आणि शेजारी उभा राहा. तिथली माणसं विचारणाऱ्याला शिकवतात, पाठवून देणाऱ्याचं नुसतं काम करतात.

दसऱ्याचा मुहूर्त धरायचाच म्हणून घाई नको. दसरा पुढच्या वर्षीही येतो. पुण्याची गाडी बघायला रविवारी जाऊ, मी शनिवारी रात्रीच्या एसटीनं येतो. मालकाला आजच सांगून ठेव, की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. साखळीचा खडखडाट आणि सायलेन्सरातला निळा धूर पहिल्या काही सेकंदांत, रात्रभर गार झालेल्या इंजिनावरच सापडतो. एकदा तापलं की दोन्ही दडतात. पोचलो की किल्ली मागायच्या आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं, तर चहा घेऊ, नमस्कार करू आणि परत फिरू.

तुझा,
तात्या