*दुपारी चारची भूक : ठरवून खावे की ठरवून थांबावे?*



आहाराचा हा पाठ मुद्दाम एकाच वेळेपुरता घेतला आहे : दुपारी साडेतीन ते साडेपाच. वजन उतरवायचे ठरवले की सकाळ छान जाते. कोमट पाणी होते, फेरफटका होतो, जेवताना भातही कमी घेतला जातो. आणि चार वाजता चहाचे आधण ठेवले की हात आपोआप डब्याकडे जातो. आधी एक टोस्ट, मग चिवडा, मग उरलेला लाडू "वाया जाऊ नये म्हणून". बेळगाव-खानापूरकडे पावसाळ्यात तर बाहेर धो धो पाऊस आणि शेजारून मिरची भजीचा वास! भल्याभल्यांचा संकल्प तिथे वाहून जातो.

मग आपण स्वतःलाच बोल लावतो, "माझ्यात निग्रहच नाही." पण बघा, चारची भूक चार वाजता तयार होत नाही. ती दुपारच्या ताटात आणि वर्षानुवर्षांच्या सवयीत तयार होते. म्हणून उपायही तिथेच करायचा.

*1) एवढा विचार कशासाठी?*

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेली मोठी पाहणी 2023 साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाने देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि 13 कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या भारतीयांच्या पोटावर चरबी लवकर साठते. म्हणून आपल्याकडे कमरेचा घेर बायकांचा 80 सेंटिमीटर (साधारण साडेएकतीस इंच) आणि पुरुषांचा 90 सेंटिमीटर (साधारण साडेपस्तीस इंच) याच्या आत असावा असे मानतात. वजनकाटा नसला तरी शिवणाची टेप घरात असतेच.

आता चारचा हिशेब करू. तळलेला चिवडा 50 ग्रॅम म्हणजे साधारण 250 कॅलरी. दोन चमचे साखरेचा दुधाचा चहा 70 ते 80. म्हणजे सव्वातीनशे झाल्या. आणि 45 मिनिटे भरभर चालून खर्च होतात दीड-दोनशे. सकाळची सगळी मेहनत दहा मिनिटांत परत!

*2) भूक चारलाच का लागते?*

याची तीन कारणे आहेत.

*पहिले, ताट.* भात जास्त आणि वर पातळ आमटी असे जेवण लवकर पचते. डाळ, उसळ, भाजी कमी पडली की दोन-तीन तासांत पोट पुन्हा हाक मारते. त्यात घरातल्या बाईचे जेवण सगळ्यांना वाढून झाल्यावर, उरलेल्यावर. भाजी संपलेली असते, मग भात-लोणच्यावर भागवायचे.

*दुसरे, सवय.* ज्या वेळी आपण रोज खातो, त्या वेळी शरीर भुकेचा संदेश आधीच पाठवते. ही भूक लाटेसारखी असते. येते, चढते आणि खाल्ले नाही तरी बऱ्याचदा थोड्या वेळाने ओसरते.

*तिसरे, थकवा.* दुपारी शरीराला स्वाभाविकच मरगळ येते. पहाटे साडेचारपासून उठलेली बाई दुपारी दमलेली असते. तिला खरे तर वीस मिनिटे पाठ टेकायची गरज असते, पण ती टेकण्याऐवजी चहा-खारी घेते. झोप कमी झाली की गोड-तळकट जास्त खावेसे वाटते.

*3) दोन मते, आणि आपला घोळ*

मोबाईलवर आपल्याला दोन सल्ले सारखे येतात. एक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा. नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला विचार त्यांनी घरोघरी पोचवला. कडक भुकेच्या दोन वेळा ओळखायच्या, त्या दोनच वेळा जेवायचे आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवायचे. मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा एवढेच. प्रत्येक खाण्याबरोबर शरीरात इन्सुलिन सुटते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, हे त्यामागचे कारण. सोबत रोज 45 मिनिटे चालणे.

दुसरा सल्ला मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा. त्यांनी थोड्या थोड्या वेळाने थोडे खायला सांगितले. चार ते सहाच्या दरम्यान घरचे पोटभरीचे काही खाल्ले तर रात्री आडवा हात मारला जात नाही, असे त्यांचे म्हणणे.

मग खरे कोणाचे? दोन्ही वाटांनी वजन उतरलेली माणसे आहेत. दोघांमध्ये काय सारखे आहे ते पाहा : घरचे अन्न, ठरलेली वेळ, चालणे आणि दिवसभर डब्यात हात न घालणे. आपला घोळ असा की आपण सकाळी दीक्षित आणि दुपारी दिवेकर पाळतो. सकाळी "माझे दोनच वेळा असते" म्हणून नाश्ता टाळायचा, आणि चारला "थोडे थोडे खावे म्हणतात" म्हणून भडंगाची वाटी घ्यायची. यात ना ही वाट धड, ना ती.

गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असा विचार आहे. तेव्हा आपल्या प्रकृतीला, कामाला झेपेल ती *एकच वाट निवडा आणि तीन महिने तीच पाळा.*

*4) दुपारचे ताट सुधारा*

कुठलीही वाट घेतली तरी हे करायचेच.

- आधी काकडी, गाजर, मुळा, कांदा. मग भाकरी-भाजी. भात शेवटी, एक वाटी.
- घट्ट डाळ किंवा मोडाची उसळ मोठी वाटीभर. मटकी, हुलगे, चवळी, काहीही चालेल.
- ज्वारीची भाकरी आपल्या भागाचे वैभव. सोबत जवसाची किंवा कारळ्याची चटणी चमचाभर.
- ताक एक पेला.
- घरातल्या बाईने स्वतःची भाजी-उसळ *आधीच बाजूला काढून ठेवावी.* यात स्वार्थ नाही. तिने नीट जेवणे हा घराचाच फायदा आहे.

*5) चारला खायचेच ठरवले असेल तर*

- फुटाणे मूठभर (30 ग्रॅम) : साधारण 110 कॅलरी.
- शेंगदाणे भाजलेले, छोटी मूठ (30 ग्रॅम) : साधारण 170. पौष्टिक आहेत, पण मोजून.
- चिरमुरे दोन मुठी, कांदा-टोमॅटो-लिंबू घालून : 70 ते 80. वर तेल ओतले की प्रत्येक चहाच्या चमच्याला 45 वाढल्या.
- एक पेरू, किंवा उकडलेल्या मक्याचे अर्धे कणीस.

नियम एकच : *बशीत काढून घ्या, डबा बंद करा, बसून खा.* उभ्याने, टीव्हीपुढे, डब्यातून खाल्लेले मोजले जात नाही आणि पोटाला कळतही नाही. साखर मात्र हळूहळू उतरवा. दोन चमच्यांवरून दीड, पंधरा दिवसांनी एक. जिभेला कळत नाही.

*6) थांबायचे ठरवले असेल तर*

चारला आधी पेलाभर पाणी किंवा ताक घ्या. मग मनाला विचारा, "आत्ता गरम भाकरी आणि डाळ दिली तर खाईन का?" उत्तर "हो" असेल तर भूक खरी आहे. भाकरी नको आणि भजीच हवी असेल तर ती जिभेची हौस. अशा वेळी स्वयंपाकघरातून बाहेर पडायचे. दहा-पंधरा मिनिटे जप करा, कपडे घड्या करा, झाडांना पाणी घाला. लाट ओसरते.

एक महत्त्वाची गोष्ट. आपला निपाणी भाग तंबाखूचा. भूक मारायला म्हणून दुपारी मिश्री लावणाऱ्या, तंबाखूची चिमूट धरणाऱ्या मावशी-आज्या आजही आहेत. तंबाखूने भूक दबते हे खरे, पण तोंडाचा कर्करोगही त्यानेच होतो. घरात कोणी असे करत असेल तर रागावू नका. तिच्या हातात फुटाणे द्या आणि दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.

*7) हळदीकुंकू, प्रसाद, एकादशी*

आपल्याकडे बोलावणी नेमकी चार-पाचलाच असतात. कुंदा पुढे आला तर बोटाच्या पेराएवढा घ्यावा, प्रेमाने खावा, बाकी घरी मुलांसाठी न्यावा. प्रसाद कणभर घेतला तरी प्रसादच असतो. यजमानीण ताईंनीही "माझ्या गळ्याची शप्पथ" म्हणून आग्रह करू नये. समोरची मधुमेहाशी झगडत असू शकते, आणि लाजेने सांगत नाही. एकादशीला साबुदाणा वड्यापेक्षा वरी-दाण्याची आमटी, फळे, ताक बरे.

*8) हे मात्र नीट वाचा*

*मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलेही खाणे बंद करू नये.* गोळी घेतली आणि खाणे टाळले तर रक्तातली साखर एकदम उतरू शकते. दरदरून घाम, हातपाय थरथरणे, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणे. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या. बरे वाटल्यावर जेवायला द्या आणि डॉक्टरांना कळवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मुलींनी, तसेच अठरा वर्षांखालील मुलांनी दोन वेळचा प्रयोग करू नये.

*या आठवड्याचा अभ्यास*

1. "ठरवून खाणार" की "ठरवून थांबणार", एकच लिहा आणि कागद चहाच्या डब्यावर चिकटवा.
2. सात दिवस चार वाजता काय खाल्ले ते वहीत लिहा. लपवू नका, वही तुमचीच आहे.
3. दुपारच्या ताटात रोज एक वाटी उसळ किंवा घट्ट डाळ आली का, त्यावर खूण करा.
4. कमरेचा घेर आज मोजा, मग थेट महिन्याने.

एखाद्या दिवशी भजी खाल्ली गेली तर ती खाल्ली. दुसऱ्या दिवशी वही पुन्हा उघडायची. पुढच्या अभ्यासवर्गाला वही घेऊन या. ज्या अक्कांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी सुनेने किंवा नातवंडांनी लिहावे, तेवढीच घरात चर्चा होईल.