रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग का दुखतं?

प्रश्न : वय ४७. पाळी अनियमित आहे. द्राक्षबागेत विरळणीला हात वर करून उभं राहिलं की खांदे भरून येतात, गुडघे ठणकतात, झोप लागत नाही. रिपोर्ट नॉर्मल. घरचे म्हणतात, मनाचे खेळ. पिशवी काढून टाकू का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, तुमचं दुखणं खरं आहे. मेंदूतली सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनालिन ही रसायनं वेदनेला लगाम घालतात. पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन वरखाली होतं आणि हा लगाम सैल पडतो. झोप मोडली की आणखीच. हे रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत दिसत नाही.

एवढ्यासाठी पिशवी मुळीच काढू नका. सोबत अंडाशयही काढले, तर इस्ट्रोजेन एकदम घटतं, हाडं ठिसूळ होतात. बीडच्या ऊसतोड महिलांच्या पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये सरकारला चौकशी करावी लागली.

थायरॉइड, हिमोग्लोबिन पाहिलं नसेल तर पाहून घ्या. विरळणीत मध्येमध्ये हात खाली घ्या, रोज चाला. गरज पडल्यास डॉक्टर हार्मोन्स किंवा सेरोटोनिन वाढवणारी गोळी देतात. ती वेड्यांची गोळी नव्हे. दुकानातून आणून रोज वेदनाशामक खाऊ नका, किडनीला धोका असतो. फार रक्तस्राव झाला, किंवा पाळी वर्षभर थांबून पुन्हा अंगावर गेलं, तर लगेच सांगली सिव्हिल गाठा.